फागण्याच्या मानेतला दाणा

हे सगळं झालं २०२३ साली, होळीच्या आगेमागे. तारखा मला पाठ आहेत. फागण्याच्या मानेत चिप बसवली ती आदल्या वर्षीच्या चार नोव्हेंबरला. रक्त काढलं बारा डिसेंबरला. आणि चिप मानेत नाही हे कळलं चौदा मार्चला, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. आमचं विमान चोवीस मार्चचं होतं.

फागण्या म्हणजे माझा कुत्रा. वाळलेल्या सागाच्या पानाच्या रंगाचा, उभ्या कानांचा. तो मला गजराबाईनं दिला होता, आणि गजराबाईची ओळख सांगायची तर फार मागे जावं लागतं.

मी १९८१ साली मोलगीच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सतरा वर्षं होती. देवगोईचा घाट पावसाळ्यात बंद पडला की आम्ही मास्तर लोक पायी चढायचो, डोक्यावर खडूंची खोकी घेऊन. माझे यजमान उमाकांत खाली खापरला पोस्टात होते. मी सोमवारी वर जायची आणि शनिवारी खाली यायची. पहिल्या वर्षीच्या हजेरीपटावर पंचवीस नावं होती आणि वर्गात सात मुलं. त्यातली एक गजरा. दहा वर्षांची असेल. कडेवर लहान भाऊ घेऊन यायची, त्याला कोपऱ्यात निजवायची आणि पाढे म्हणायची. घरी भिली बोलायची, माझ्याशी मराठी. माझ्या मराठीतल्या चुका मोजाव्यात इतकी चांगली मराठी. चौथीनंतर लग्न झालं, शाळा सुटली. पण बाजाराच्या दिवशी माझ्या खोलीवर आल्याशिवाय ती कधी घरी गेली नाही. तिची मुलंही माझ्याच हाताखाली शिकली.

उमाकांत २०१६ साली गेले. त्यानंतरची होळी होऊन महिना झाला तेव्हा गजराबाई जीपनं खाली खापरला आली. टोपलीत वर मोहाची फुलं आणि खाली एक पिल्लू.

"बाई, घरात कोणाचा तरी आवाज पाहिजे," ती म्हणाली. "हा फागण्या. फागणात झाला म्हणून. आमच्यात पोरांची नावं पण अशीच ठेवतात."

मला कुत्र्याची आवड नव्हती. उमाकांतांना तर नव्हतीच; पोस्टात असताना त्यांना दोनदा कुत्रं चावलं होतं. पण तो राहिला. एकवीस सालच्या पावसाळ्यात मी न्हाणीत पडले. खुबा सरकला होता, हलता येत नव्हतं, आवाज फुटत नव्हता. फागण्यानं शेजारच्या मंगलाबाईंच्या दारावर इतक्या धडका दिल्या की त्या झाडू घेऊनच बाहेर आल्या, त्याला मारायला. मग त्याच्यामागून आत आल्या.

तेव्हापासून माझी मुलगी सोनम मागे लागली. ती आयर्लंडला, कॉर्क नावाच्या गावी इस्पितळात नर्स आहे. तिथलं नागरिकत्व घेतलेलं, त्यामुळे आईला कायमचं नेण्यासाठी अर्ज करता येत होता. मी वर्षभर टाळलं. शेवटी म्हटलं, "फागण्या येणार असेल तर मी येते."

मला वाटलं, ती हसेल आणि विषय संपेल. ती हसलीही. पण चार दिवसांनी तिनं मला नऊ पानं पाठवली. कुत्र्याला परदेशी नेण्याचे नियम. आधी मानेत चिप. चिपनंतरच रेबीजची लस. आधी दिलेली लस धरत नाहीत. लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं, ते परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात लसीचा असर पुरेसा निघाला तर रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. मग मुंबईला सरकारी डॉक्टरचा दाखला. निघण्याआधी जंताची गोळी, तीही तास मोजून.

मंगलाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. त्या मला मास्तरीनबाई म्हणायच्या.

"मन्हा जवाईले आजून पासपोट भेटना नही मास्तरीनबाई," त्या म्हणाल्या, "आन् तुम्हना कुत्राले भेटी बी गया!" मग फागण्याकडे वळून, "जाय रे भो, तठे जाईसन इंग्रजीमा भुकजो."

सगळी गल्ली महिनाभर त्याला 'साहेब' म्हणत होती.

चिप अक्कलकुव्याच्या डॉ. तौसिफनं बसवली. तरुण मुलगा. गुजरातेत शिकून आलेला, गाई-म्हशींतच दिवस जाणारा. कुत्र्याला परदेशी पाठवण्याची त्याची पहिलीच वेळ. त्यानं ती चिप सुईतून काढून मला तळहातावर दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी.

"यात पंधरा आकडी नंबर आहे मॅडम," तो म्हणाला. "लसीच्या कार्डावर हाच, रक्ताच्या रिपोर्टवर हाच. आजपासून हा नंबर म्हणजेच तुमचा कुत्रा. नाव-बिव विसरा."

त्यानं ती मानेवरच्या सैल कातड्याखाली सोडली, वरून एक यंत्र फिरवलं. यंत्र वाजलं, आकडे उमटले. मी ते वहीत उतरवून घेतले. फागण्यानं पायानं मान खाजवली आणि विसरून गेला.

रक्ताचा रिपोर्ट जानेवारीत आला, चांगला. माझा व्हिसाही आला. त्यावर लिहिलं होतं की एकतीस मार्चच्या आत देशात पाऊल ठेवलं पाहिजे. घर मंगलाबाईंच्या थोरल्या मुलाला विकलं. भांडी वाटली. राहिला होता तो माझा डावा डोळा. मोतीबिंदू पिकला होता आणि सोनम म्हणाली, इकडे नंबर लागायला वर्ष जातं, तिथूनच करून ये. फेब्रुवारीत नंदुरबारला शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टर म्हणाले, महिनाभर वाकायचं नाही, आणि कुत्रा तोंडाजवळ येता कामा नये.

फागण्या माझ्या उशाशी झोपायचा. त्याला कसं समजावणार? मी गजराबाईला निरोप धाडला. तेरा फेब्रुवारीला ती आणि तिचा नवरा नवलसिंग येऊन त्याला घेऊन गेले.

मी त्यांना सगळं सांगितलं. कागदावर लिहून दिलं: दोन वेळा भाकरी आणि ताक, हाडं द्यायची नाहीत, जंगलात एकटा सोडायचा नाही, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडू द्यायचं नाही. गजराबाईनं तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला, वर्गात वाचायची तसा. नवलसिंग हसत होता. कमी बोलणारा माणूस, पण आसपासच्या पाड्यांवर जनावराला काही झालं की त्यालाच बोलावतात. बैलाच्या खुरातला काटा, शेळीच्या पाठीतली अळी, गाईच्या कानामागची गाठ. वस्तरा आणि कडुनिंबाचं पाणी, एवढंच त्याचं सामान. जनावर हलत नाही त्याच्या हाताखाली.

चिपचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

विसरले असते तर बरं झालं असतं. मी विसरले नव्हते. जिभेवर आलं होतं. पण मनात म्हटलं, मानेत काचेचा दाणा, त्यात आकडे, ते परदेशात वाचतात. हे यांना कुठे सांगत बसू? काय समजणार? ज्या मुलीला मी स्वतः अपूर्णांक शिकवले, तिच्याविषयी मी असं म्हटलं.

होळी सहा मार्चला होती. नवलसिंगनं त्या वर्षी नवस धरला होता, धाकट्या मुलासाठी. दिवस पाळायचे, अनवाणी राहायचं, खाटेवर निजायचं नाही. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून तो काठी गावच्या होळीला नाचून आला. हे सगळं गजराबाई मला फोनवर सांगायची, टेकडीवर चढून, जिथे रेंज मिळते तिथून. "फागण्या मजेत आहे बाई. बकऱ्यांमागं जातो. तुमच्याकडे नुसता बसून बसून जड झाला होता."

चौदा मार्चला सकाळी ती त्याला घेऊन जीपनं थेट अक्कलकुव्याला आली. मी खापरहून पोचले होते. महिन्याभरानं पाहिलं त्याला. तो बारीक झाला होता, चकाकत होता. माझ्या अंगावर झेपावला तशी गजराबाई ओरडली, "अरे, डोळा सांभाळ बाईंचा!"

डॉ. तौसिफला मुंबईच्या दाखल्याआधीचा तपासणीचा कागद करायचा होता. वजन घेतलं, कान पाहिले, दात पाहिले. मग यंत्र मानेवर धरलं.

यंत्र गप्प.

त्यानं ते पुन्हा फिरवलं. खांद्यांवर, पाठीवर, पोटाखाली. "कधी कधी सरकते मॅडम," तो म्हणाला. यंत्राची बॅटरी काढून घातली. ड्रॉवरमध्ये दुसरी सुट्टी चिप होती तिच्यावर यंत्र धरलं, वाजलं. पुन्हा फागण्यावर धरलं. काही नाही.

मग त्यानं मानेवरचे केस बोटांनी दुभंगले. नखाएवढी जागा, केस नुकते उगवत असलेले, मधे बारीक गुलाबी रेघ.

"हे काय झालंय?"

गजराबाई पुढे झाली. तिचा चेहरा उजळला होता. "ते? ते आमच्या मालकानं काढलं. गाठ होती तिथं. कडक, दाण्यासारखी. हाताला लागायची." आणि डॉक्टरकडे पाहून थोड्या ठसक्यात म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही एवढे शिकले, इतक्या वेळा तपासलं, तुम्हाला नाही दिसली?"

 तौसिफनं यंत्र टेबलावर ठेवलं.

"आतून काच निघाली बाई," ती मला सांगत होती. "मालक म्हणाले, कोणीतरी काच खाऊ घातली असेल, नाहीतर भांडणात घुसली. बाईंचं जनावर आहे, दूर देशात जायचं आहे, तिथं कोण काढणार? असं कसं द्यायचं परत? रक्तसुद्धा नाही आलं. दोन दिवसांत भरलं."

"कधी काढलं?" मी विचारलं.

"होळीच्या चार दिवस आधी."

"आणि तो दाणा?"

"असली वस्तू घरात ठेवतात का? काठीला नेला. होळीत टाकला." मग तिला काहीतरी दिसलं माझ्या चेहऱ्यावर. "का बाई? काय झालं?"

तौसिफनं तिला सांगितलं. शांतपणे, नीट, सोप्या शब्दांत. तिला सगळं समजायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी फेब्रुवारीत जे सांगायला टाळलं होतं, ते एवढंच होतं.

ती टेबलाची कड धरून उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तुम्ही हाडाचं सांगितलं. ताकाचं सांगितलं. कागदावर लिहून दिलं. हे नाही सांगितलं."



तौसिफनं कागद पुढे ओढला आणि तारखा मांडल्या. आज नवी चिप बसवायची. आज पुन्हा लस. एप्रिलच्या मध्याला रक्त. तिथून तीन महिने. जुलैचा मध्य, सगळं सुरळीत झालं तर. माझा व्हिसा एकतीस मार्चचा.

मी त्याला हळूच विचारलं, "नवी चिप बसवून कागदावर जुनाच नंबर राहू दिला तर?"

अठ्ठावीस वर्षं मी मुलांना दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवलं म्हणून उभं केलं होतं. त्याला हे ठाऊक नव्हतं, पण तोच ओशाळला. "मॅडम, तिथं विमानतळावर ते स्वतः यंत्र फिरवतात. नंबर जुळला नाही तर परत पाठवतात. नाहीतर कोंडून ठेवतात महिने महिने. नाहीतर..." त्यानं फागण्याकडे पाहिलं. "मी सही नाही करू शकत."

नवी चिप त्यानं तेव्हाच बसवली, लसही दिली. फागण्या टेबलावर उभा राहून आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवलसिंग खापरला आला. गजराबाई मागे. तो उंबऱ्याबाहेरच बसला, आत येईना. फागण्या जाऊन त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. मला ते बघवेना.

"बाई, दंड काय तो सांगा," तो म्हणाला.

"कसला दंड? चूक माझी आहे."

"हात माझा होता."

त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. शाळेच्या वहीचं दुपानी. पंचनामा होता. गजराबाईनं लिहिलेला, तिचं अक्षर मी चाळीस वर्षांनी पाहिलं आणि ओळखलं. आमच्याकडे डोंगरात भांडण असो, जमिनीची हद्द असो, मेलेलं जनावर असो, पाच पंच बसले आणि त्यांनी सही-अंगठा केला की ते खरं. त्यावर कोणी बोट ठेवत नाही.

कागदावर लिहिलं होतं: आम्ही खाली सही करणार पंच लिहून देतो की, फागण्या नावाचा कुत्रा, वय सहा वर्षे, रंग भुरा, शेपटीचं टोक पांढरं, हा आमच्या पाड्यावर जन्मला. त्याच्या आईला आम्ही ओळखतो. तो कामिनीबाई मास्तरीण यांना दिला. त्याच्या मानेतील नंबर नवलसिंग याने न समजून काढला व होळीत टाकला. नंबर गेला पण कुत्रा तोच आहे. ही गोष्ट खरी आहे.

खाली पोलीस पाटलांची सही, पाड्याच्या कारभाऱ्यांचा अंगठा, आणि तीन जणांच्या सह्या. त्या तिघांपैकी दोन माझे विद्यार्थी.

"हे त्या देशाच्या साहेबाला दाखवा," नवलसिंग म्हणाला. "पाहिजे तर आम्ही पाचही जण मुंबईला येतो. समोर उभं राहून सांगतो."

मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. जन्मभर मी इतके दाखले लिहिले, शाळा सोडल्याचे, जन्माचे, वर्तणुकीचे. त्यातल्या कशातच इतकं खरं लिहिलेलं नव्हतं.

मंगलाबाईंच्या मुलानं त्याचा फोटो काढून सोनमला पाठवला. सोनमनं एक अक्षरही न बदलता त्याचं इंग्रजी केलं आणि तिथल्या कार्यालयाला धाडलं. नवलसिंग आणि गजराबाई त्या रात्री माझ्याकडेच राहिले, उत्तराची वाट बघत. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. सोनमनं ते फोनवर वाचून दाखवलं. फार सभ्य पत्र होतं. आपल्या अडचणीबद्दल वाईट वाटतं, असं लिहिलं होतं. आपल्या गावातील व्यक्तींच्या साक्षीबद्दल आभार, असंही. आणि मग: प्राण्याची ओळख फक्त चिपच्या क्रमांकावरून ग्राह्य धरली जाते.

"काय म्हणतात?" नवलसिंगनं विचारलं.

"नाही म्हणतात."

"पाच पंच कमी पडले का? आणखी आणू?"

"पाच पुरे होते," मी म्हटलं. "त्यांच्याकडे पंच नसतात."

त्यानं पंचनाम्याची पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, "मग तिथं माणूस माणसाला कसा ओळखतो?"

गजराबाईनं त्याला भिलीत गप्प केलं.

राहिलेले दिवस फोनवर गेले. मी सोनमला म्हटलं, मी येत नाही. ती आधी समजावत होती, मग चिडली.

"आई, व्हिसा पुन्हा काढायला दीड वर्ष. मिळेल याची खात्री नाही. घर विकलंयस. राहणार कुठे तू?"

"भाड्यानं घेईन खोली."

"आणि पुन्हा पडलीस तर? मी इकडून काय करू? ड्यूटीवर असताना फोन वाजला की तूच न्हाणीत पडलेली दिसतेस, माहीत आहे तुला?" मग ती रडायला लागली. "कुत्र्यासाठी तू मला नाही म्हणतेस."

मी कुत्र्यासाठी तिला 'नाही' म्हणत होते, हे खरंच होतं. आणि ती खोटं काहीच बोलत नव्हती. शेवटी तिनंच मार्ग काढला: तू ये, त्याचं सगळं डॉ. तौसिफ नव्यानं करतील, ऑगस्टमध्ये त्याला विमानाच्या सामानातून एकटा मागवू. एवढ्या आशेवर मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे, माझ्याकडे नाही म्हणायला जागा उरली नव्हती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी निघाले. फागण्याला आदल्या दिवशीच वर पाठवायचं ठरलं होतं, म्हणजे त्याला गाडी, बॅगा दिसायला नकोत. मी त्याला पुरणपोळी भरवली. नवलसिंगनं त्याच्या गळ्यात दोरी घातली नाही. नुसता पुढे चालला आणि फागण्या त्याच्यामागे गेला. गल्लीच्या वळणावर तो थांबला आणि त्यानं मागे पाहिलं. मी दारातच उभी होते. त्याला वाटलं असेल, येईल मागून. तो वळला आणि दिसेनासा झाला.

मंगलाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना एरवी बोलायला कधी शब्द कमी पडत नसत. त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "च्या ठेवू का?"

ऑगस्टमध्ये तो आला नाही. एप्रिलमधल्या रक्तात लसीचा असर कमी भरला, लस पुन्हा द्यावी लागली, तीन महिने पुन्हा मोजावे लागले. डिसेंबरात कागद तयार झाले. तौसिफनं त्याच्यासाठी मापानं पिंजरा आणवला. पिंजऱ्याची सवय व्हायला हवी म्हणून तो पंधरा दिवस गजराबाईच्या अंगणात ठेवला, आत भाकरी, माझी जुनी साडी. फागण्या भाकरीसाठीसुद्धा आत गेला नाही. धरून कोंडलं तेव्हा त्यानं जाळी चावून तोंड फोडून घेतलं. तौसिफनं मला फोन केला. "मॅडम, औषधानं झोपवून विमानात घालता येत नाही, नियमात बसत नाही. आणि जागा असताना हा नऊ-दहा तास... मी सांगू शकत नाही. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी म्हटलं, उघडा तो पिंजरा.

मंगलाबाई २०२४च्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांचा मुलगा माझ्या घरात राहतो. त्यानं वर मजला चढवला. डॉ. तौसिफचा दवाखाना आता नंदुरबारला आहे, त्याचं लग्न झालं, एक मुलगी आहे. सोनम अजून त्याच इस्पितळात आहे, आता वॉर्डची प्रमुख. आमचं बरं चाललं आहे. कुत्र्याचा विषय आम्ही दोघी काढत नाही. नवलसिंग बकऱ्या राखतो. त्यानं त्यानंतर दुसऱ्याच्या जनावरावर वस्तरा धरला नाही, कितीही बोलावलं तरी. मी फोनवर दोनदा त्याला रागावले त्यावरून. तो नुसता हो म्हणाला.

फागण्या त्यांच्याकडेच आहे. गेल्या महिन्यात गजराबाईशी बोलले. टेकडीवरून, वारा फोनमध्ये घुसत होता. मी नेहमीसारखं विचारलं, कसा आहे? ती म्हणाली, "आता शांत झाला बाई. जीपचा आवाज आला तरी उठत नाही."

मी विचारलं, म्हणजे आधी उठायचा?

 ती म्हणाली, "पहिली दोन वर्षं. प्रत्येक जीपला. रस्त्यापर्यंत जायचा, सगळी माणसं उतरेपर्यंत बघायचा, मग यायचा परत. हे तुम्हाला कशाला सांगायचं बाई? तुम्ही तिथं, काय करणार होत्या?"